सोनिया सोटोमायोर आणि अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती डेव्हिड सूटर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २६ मे २००९ रोजी सोनिया सोटोमायोर यांचं नाव जाहीर केलं आणि त्याच दिवसापासून एक विचारणा सुरू झाली: अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनबद्दल, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना संधी देण्यासाठी वंशाचा विचार करण्याच्या धोरणाबद्दल, या बाईंचं मत काय? पुढे सिनेटपुढची सुनावणी झाली, मतदान झालं, त्यांनी स्वतः या विषयावर पानंच्या पानं लिहिली आणि २०२३ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतली ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने मोडीतही काढली. तरी आपल्याकडे आरक्षणाचा वाद पेटला की कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतं, आणि तो बहुतेक वेळा अर्धवट असतो. म्हणून हे प्रश्न आणि जमतील तितकी सविस्तर उत्तरं.

अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन म्हणजे अमेरिकेतलं आरक्षणच ना?

नाही, आणि ही गल्लत आधी दूर करायला हवी. आपल्याकडे राखीव जागा म्हणजे मोजून बाजूला काढलेल्या जागा. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, तेव्हापासून आपल्याला हीच पद्धत ठाऊक आहे. पुढे राज्यघटनेत १५(४) आणि १६(४) ही कलमं आली. त्यामुळे आपल्या न्यायालयांपुढचा वाद ‘किती’ आणि ‘कुणाला’ एवढ्यावर येऊन थांबतो. ‘मुळात चालेल का’ हा प्रश्न घटनेनेच निकालात काढला आहे.

अमेरिकेच्या घटनेत असं कलम नाही. १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती कायद्याचं समान संरक्षण सर्वांना देते आणि तिथेच थांबते. ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ हे शब्द सरकारी आदेशात आले ते राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या काळात, मार्च १९६१ मध्ये: सरकारी कंत्राटदारांनी नुसतं भेदभाव टाळून भागणार नाही, समान संधीसाठी स्वतःहून पावलं उचलावीत, असा त्याचा अर्थ. विद्यापीठांनी तेच तत्त्व प्रवेशाला लावलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून विचारात घ्यायला मात्र परवानगी दिली. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे दोन निकाल एकाच दिवशी लागले. पदवीच्या प्रवेशात अल्पसंख्य वंशाच्या अर्जदाराला १५० पैकी सरसकट २० गुण मिळत, ते गेलं. कायदा शाखेत प्रत्येक अर्ज समग्र वाचून, त्यात वंशही पाहून निर्णय होई, ते टिकलं.

थोडक्यात, ज्याला आपण कोटा म्हणतो तो अमेरिकी विद्यापीठांत १९७८ पासून बेकायदा आहे. स्वतः सोटोमायोर यांनी २०१४ च्या एका निकालपत्रात ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ हा शब्द मुद्दाम टाळला. त्या शब्दाने लोकांच्या डोळ्यांपुढे कोटा उभा राहतो, म्हणून वंशाची जाण ठेवणारं प्रवेशधोरण अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले.

सोटोमायोर कोण आहेत?

जन्म २५ जून १९५४, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. आईवडील दोघेही पोर्तो रिकोहून आलेले. सातव्या-आठव्या वर्षी मधुमेहाचं निदान, तेव्हापासून इन्सुलिन. नवव्या वर्षी वडील गेले. आईने नर्सची नोकरी करून दोन मुलांना वाढवलं. सरकारी वसाहतीतलं घर. १९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश, १९७६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी, नंतर येलमधून कायदा. मॅनहॅटनमध्ये सरकारी वकिली, मग खाजगी वकिली. १९९१ मध्ये त्यांना जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडलं ते थोरल्या जॉर्ज बुश यांनी, म्हणजे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी. १९९८ मध्ये, क्लिंटन यांच्या काळात, त्या दुसऱ्या परिक्षेत्राच्या, म्हणजे न्यूयॉर्क, कनेटिकट या भागातली अपिलं ऐकणाऱ्या, अपील न्यायालयावर आल्या. १९८० ते १९९२ या काळात पोर्तो रिकन समाजासाठी खटले लढवणाऱ्या एका कायदेविषयक संस्थेच्या संचालक मंडळावर त्या होत्या. पोलीस दलातल्या बढतीच्या परीक्षांनाही या संस्थेने आव्हान दिलं होतं. २००९ मध्ये विरोधकांनी ही गोष्ट वारंवार पुढे केली.

त्यांना स्वतःला अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनमुळे प्रवेश मिळाला होता का?

हो, आणि हे त्यांनी कुणी उकरून काढायच्या आधीच सांगितलेलं होतं. १९९० च्या दशकात एका परिसंवादात त्या म्हणाल्या की आपण अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनचंच अपत्य आहोत. प्रिन्स्टन आणि येलमधल्या सहाध्यायांच्या तुलनेत आपले प्रवेशपरीक्षेचे गुण कमी होते, हेही त्यांनी लपवलं नाही. मात्र ते इतके कमी नव्हते की तिथे गेल्यावर झेपणार नाही, असंही त्या म्हणाल्या. परीक्षांमध्येच सांस्कृतिक कल असतो, हे कारणही त्यांनी दिलं. २००९ च्या जूनमध्ये त्या परिसंवादाची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा विरोधकांना पुरावा सापडल्यासारखं झालं. मला मात्र त्यात कबुलीपेक्षा ताठ कणा दिसतो.

कारण पुढचा हिशेब पाहा. प्रिन्स्टनने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली १९६९ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी ब्राँक्समधली ही मुलगी तिथे पोहोचली. तिचं इंग्रजी लेखन कच्चं होतं. सुट्टीत व्याकरणाची पुस्तकं घेऊन ती बसायची. चौथ्या वर्षी प्रिन्स्टन पदवीच्या विद्यार्थ्याला जो सर्वांत मोठा सन्मान देतं, तो पाइन पुरस्कार तिला मिळाला. तो वंश बघून देत नाहीत. दार उघडायला मदत झाली. आतली चार वर्षं तिची तिने काढली. आपल्याकडेही ‘कोट्यातून आलेला’ हा शिक्का पदवी मिळाल्यावरही पुसला जात नाही, जणू प्रवेशाच्या यादीतला क्रमांक हाच माणसाचा कायमचा क्रमांक. पुढचा प्रश्न त्याच शिक्क्याचा आहे.

हा शिक्का त्यांना कुणी तोंडावर मारला होता का?

येलमध्ये शेवटच्या वर्षाला असताना, १९७८ मध्ये, नोकरीसाठी विद्यार्थ्यांना भेटायला आलेल्या एका मोठ्या वकिली पेढीच्या भागीदाराने रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर त्यांना विचारलं: तुम्ही पोर्तो रिकन आहात म्हणूनच तुम्हाला येलमध्ये घेतलं का? सोटोमायोर यांनी तिथे उत्तर दिलं आणि नंतर विद्यापीठाकडे रीतसर तक्रार केली. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या समितीने चौकशी केली, पेढीला माफी मागावी लागली.

चोवीस वर्षांची विद्यार्थिनी, समोर नोकरी देणारा माणूस. मान खाली घालून गप्प बसणं सोपं होतं. नामनिर्देशित व्यक्तीची मतं शोधायची असतील तर असे प्रसंग बघावेत असं मला वाटतं. समितीपुढे तोलून मापून दिलेल्या उत्तरांत ती क्वचितच सापडतात.

क्लॅरेन्स थॉमसही येलचेच. त्यांचं मत एवढं उलट कसं?

थॉमस हे सर्वोच्च न्यायालयातले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. ते १९७४ मध्ये येलमधून बाहेर पडले, सोटोमायोर १९७९ मध्ये. एकच कायदेशाळा, दोघंही गरिबीतून आलेले, दोघांच्याही प्रवेशात वंशाचा विचार झालेला. थॉमस यांना नोकरी शोधताना जाणवलं की आपल्या पदवीकडे लोक संशयाने बघतात. त्यांनी सिगारच्या पाकिटावरची पंधरा सेंटची चिठ्ठी काढून पदवीच्या चौकटीवर चिकटवली, कारण त्यांच्या लेखी तिची किंमत तेवढीच उरली होती. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९९१ मध्ये सिनेटच्या ५२ विरुद्ध ४८ मतांनी ते न्यायालयात आले आणि तेव्हापासून या धोरणाविरुद्ध सातत्याने लिहीत आले.

अपमान दोघांनीही सोसला. थॉमस यांनी त्याचा दोष धोरणाला दिला, सोटोमायोर यांनी अपमान करणाऱ्याला. मला सोटोमायोर यांचं म्हणणं पटतं. पण थॉमस यांची वेदना खोटी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या ओळखीतही असा एखादा माणूस असतोच, जो सवलत घेऊन शिकला आणि आयुष्यभर त्याबद्दल बोलायचं टाळत राहिला.

नियुक्तीची प्रक्रिया काय असते? आपल्या कॉलेजियमसारखी?

अजिबात नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची न्यायिक समिती जुने निकाल, भाषणं, लेख, मिळकत सगळं मागवते, मग कॅमेऱ्यांसमोर अनेक दिवस प्रश्न विचारते, आणि शेवटी पूर्ण सिनेट मतदान करतं. नेमणूक तहहयात. आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात आणि होणाऱ्या न्यायाधीशाला आरक्षणाबद्दल मत विचारण्याची जागाच नाही. मात्र अमेरिकेतही १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांनी मोकळेपणाने उत्तरं दिली आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारलं. त्यानंतर नामनिर्देशित लोक जपून बोलायला शिकले.

न्यू हेवनच्या अग्निशमन दलाचा खटला काय होता? सगळा वाद त्याभोवतीच का फिरला?

याचं उत्तर लांबणार आहे, कारण २००९ च्या उन्हाळ्यात सोटोमायोर यांचं मत म्हणून जे दाखवलं जात होतं ते मुख्यतः याच खटल्यातून.

न्यू हेवन हे कनेटिकट राज्यातलं शहर, येल तिथलंच. २००३ मध्ये तिथल्या अग्निशमन दलात लेफ्टनंट आणि कॅप्टन पदांच्या बढतीसाठी परीक्षा झाली. लेखीला ६० टक्के वजन, तोंडीला ४०. एकूण ११८ जण बसले. लेफ्टनंटसाठी ७७ उमेदवार: ४३ गोरे, १९ कृष्णवर्णीय, १५ हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले). उत्तीर्ण झाले ३४: अनुक्रमे २५, ६ आणि ३. रिकाम्या जागा ८. प्रत्येक जागेसाठी यादीतल्या वरच्या तिघांमधूनच निवडायचं, असा शहराचा नियम होता. त्या हिशेबाने पहिले दहाजण पात्र ठरत होते, आणि ते दहाही गोरे. कॅप्टनच्या ७ जागांसाठी पात्र ठरणारे नऊजण: ७ गोरे, २ हिस्पॅनिक. दोन्ही याद्या मिळून कृष्णवर्णीय एकही नाही.

शहराची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार नोकरीत वंशावरून भेदभाव करता येत नाही. पण १९७१ च्या ग्रिग्ज खटल्यापासून याच कायद्याचा दुसरा अर्थही मान्य झाला होता: हेतू वाईट नसला तरी एखादी चाळणी एका वंशाच्या लोकांना मोठ्या प्रमाणात बाहेर ठेवत असेल आणि कामासाठी ती गरजेची आहे हे मालकाला दाखवता येत नसेल, तर तीही बेकायदा. निकाल लावला तर कृष्णवर्णीय उमेदवार कोर्टात जाणार; रद्द केला तर उत्तीर्ण झालेले. नागरी सेवा मंडळात मतं २ विरुद्ध २ पडली आणि निकाल लागलाच नाही. कुणालाच बढती मिळाली नाही.

मग १८ जण कोर्टात गेले: १७ गोरे, एक हिस्पॅनिक. पहिलं नाव फ्रँक रिची. त्यांना डिस्लेक्सिया आहे, वाचणं जड जातं. त्यांनी हजाराहून अधिक डॉलर खर्चून पुस्तकं घेतली, शेजाऱ्याकडून ती टेपवर वाचून घेतली, रोज ८ ते १३ तास ऐकत अभ्यास केला. एमपीएससीची परीक्षा देऊन निकाल कोर्टात अडकलेल्या कुठल्याही मराठी मुलाला रिचींचा संताप समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू हेवनच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मिळून ३० टक्के होते. अग्निशमन दलातल्या ५०२ जणांत मात्र अवघे ३.६ टक्के. जळत्या इमारतीत शिरणाऱ्या तुकडीचं नेतृत्व कागदावरच्या प्रश्नोत्तरांना ६० टक्के वजन देऊन ठरवायचं का, हा प्रश्न नुसता वंशाचा नव्हता.

जिल्हा न्यायालयाने २००६ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. २००८ मध्ये अपील सोटोमायोर आणि आणखी दोन न्यायाधीशांपुढे आलं. तिघांनी एकमताने खालचा निकाल कायम केला, एका परिच्छेदात. पूर्ण न्यायालयाने पुन्हा ऐकावं ही मागणी ७ विरुद्ध ६ मतांनी फेटाळली गेली, आणि विरोधात लिहिणारे होते न्यायाधीश होजे काब्रानेस, तेही पोर्तो रिकन वंशाचे. २९ जून २००९ रोजी, म्हणजे सुनावणीच्या दोन आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने तो निकाल उलटवला. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलं की नुसत्या खटल्याच्या भीतीने निकाल रद्द करता येत नाही, आपण खरोखर कायद्याच्या कचाट्यात सापडू असं मानायला भक्कम पुरावा हवा. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधात लिहिलं: या उमेदवारांबद्दल सहानुभूती वाटणं साहजिक आहे, पण बढती हा त्यांचा मिळालेला हक्क नव्हता.

मग त्या निकालात सोटोमायोर यांचं चुकलं का?

निकालाची दिशा चुकली असं मला वाटत नाही. अपील न्यायालयाला आपल्या आधीच्या निकालांचं बंधन असतं, आणि त्या परिक्षेत्राचे आधीचे निकाल शहराच्या बाजूला झुकणारे होते. केनेडींनी लावलेली कसोटी २००८ मध्ये त्या तीन न्यायाधीशांच्या हातात नव्हती.

पण तो एक परिच्छेद चुकलाच. रात्रंदिवस अभ्यास केलेल्या माणसांना न्यायालय सांगतं की तुमचं अपील फेटाळलं, आणि कारणं खालच्या न्यायालयाने दिलीच आहेत. १६ जुलै २००९ रोजी रिची सिनेट समितीपुढे साक्षीला आले तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती. हरलेल्या पक्षाला आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटायला हवं. सोटोमायोर यांच्यावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच ही गोष्ट मला जास्त खटकते: ज्या विद्यार्थिनीने जेवणाच्या टेबलावरच्या एका वाक्यासाठी चौकशी बसवली, तिने या अठराजणांना चार पानं द्यायला हवी होती.

‘शहाणी लॅटिना’ हे काय प्रकरण होतं?

२००१ मध्ये सोटोमायोर यांनी बर्कलीच्या कायदेशाळेत केलेल्या भाषणातलं एक वाक्य. लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची स्त्री. आशय असा, की अनुभवांनी समृद्ध झालेली एक शहाणी लॅटिना स्त्री, ते आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा बहुतेक वेळा अधिक चांगल्या निर्णयाला पोहोचेल अशी मला आशा आहे. वाक्य एकटं वाचलं तर गर्विष्ठ वाटतं. भाषण पूर्ण वाचलं तर त्यात हेही सापडतं की ब्राऊन खटल्यात शाळांमधली वंशभेदाची भिंत पाडणारे नऊही न्यायमूर्ती गोरे पुरुष होते, आणि होम्स, कार्डोझो या जुन्या न्यायमूर्तींसारखे शहाणे पुरुष भेदभावाला मान्यता देऊन गेले.

समितीतले ज्येष्ठ रिपब्लिकन जेफ सेशन्स यांनी त्यांना यावरून धारेवर धरलं. सोटोमायोर म्हणाल्या की तो शब्दांचा खेळ होता आणि तो फसला. चांगला न्याय करण्यात कुठल्याही वंशाला वा लिंगाला आघाडी मिळते असं आपण मानत नाही. मला ही माघार जरा जास्त वाटली. अनुभवाने नजर बदलते हे साधं सत्य त्या ठामपणे सांगू शकल्या असत्या. पण समोर मतं मोजली जात होती.

सुनावणीत अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनबद्दल त्या नेमकं काय म्हणाल्या?

सुनावणी १३ ते १६ जुलै चालली. विस्कॉन्सिनचे सिनेटर हर्ब कोल यांनी थेट विचारलं. उत्तराचा गाभा असा: घटना सर्वांना समान संरक्षण देते, आणि ते मिळवून देण्यासाठी काही परिस्थितींत वंशाचा कुठल्या ना कुठल्या स्वरूपात विचार करावा लागतो, हे न्यायालयांनी मान्य केलेलं आहे. पाठोपाठ त्यांनी २००३ च्या मिशिगन निकालातलं न्यायमूर्ती ओकॉनर यांचं मत उचललं: पंचवीस वर्षांनी वंश विचारात घ्यायची गरजच उरणार नाही अशी आशा आहे. ‘माझीही तीच आशा,’ असं त्या म्हणाल्या.

ही चलाख उत्तरं आहेत. त्यांत खोटं काही नाही, पण नवंही काही नाही. प्रत्येक वाक्य आधीच्या निकालाच्या आडोशाला उभं आहे. आशा व्यक्त केली, वचन दिलं नाही. ओबामा न्यायाधीशात सहवेदना हवी म्हणत असत. त्या मुद्द्यावरही त्यांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षांपासून अंतर राखलं आणि खटल्याचा निकाल हृदय नव्हे, कायदा ठरवतो असं सांगितलं.

आपल्या लोकांना त्या झुकतं माप देत होत्या का?

कागद तसं सांगत नाही. अपील न्यायालयात त्यांच्यापुढे आलेल्या वंशविषयक ९६ प्रकरणांची तपासणी २००९ मध्येच एका सर्वोच्च न्यायालयीन वकिलाने केली होती. सुमारे ७८ प्रकरणांत त्यांच्या खंडपीठाने भेदभावाचा दावा फेटाळला. १० प्रकरणांत मान्य केला. पक्षपाती न्यायाधीशाचे आकडे असे नसतात.

दोन प्रकरणं शेजारी ठेवावीत. १९९९ मध्ये एका शाळेने वर्गातल्या एकमेव कृष्णवर्णीय मुलाला पहिलीत आल्यावर काही दिवसांतच पुन्हा बालवर्गात पाठवलं होतं. सहकाऱ्यांनी भेदभावाचा दावा मानला नाही. सोटोमायोर यांनी असहमती नोंदवून सांगितलं की हे ज्युरीपुढे जायला हवं. तीनच वर्षांनी न्यूयॉर्क पोलिसांच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण आलं. घरी आलेल्या देणगीच्या पत्रांना तो निनावी, वंशद्वेषाने भरलेली उत्तरं पाठवत असे, म्हणून त्याला काढलं होतं. बहुमताने बडतर्फी योग्य ठरवली. असहमती पुन्हा सोटोमायोर यांची, या वेळी त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने: त्याचं लिखाण घृणास्पद आहे, पण भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न उरतोच.

मतदान कसं झालं?

समितीत १३ विरुद्ध ६. सिनेटमध्ये ६ ऑगस्ट २००९ रोजी ६८ विरुद्ध ३१. बाजूने ९ रिपब्लिकन. त्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या हिस्पॅनिक आणि तिसऱ्या महिला न्यायमूर्ती झाल्या.

न्यायमूर्ती झाल्यावर त्यांचं मत बदललं का?

मत तेच राहिलं, आडोसा मात्र गेला. २००६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी ५८ टक्के मतांनी सरकारी विद्यापीठांतलं वंशाधारित प्राधान्य बंद केलं होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ ने ती बंदी ग्राह्य धरली. सोटोमायोर यांचं असहमतीचं निकालपत्र ५८ पानांचं होतं आणि त्याचा काही भाग त्यांनी न्यायासनावरून वाचून दाखवला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २००७ मध्ये लिहिलं होतं की वंशावरून होणारा भेदभाव थांबवायचा मार्ग म्हणजे वंशावरून भेदभाव करणं थांबवणं. त्याच साच्यात सोटोमायोर यांनी उत्तर दिलं: तो थांबवायचा मार्ग म्हणजे वंशाबद्दल मोकळेपणाने, प्रामाणिकपणे बोलणं आणि शतकांच्या भेदभावाचे परिणाम उघड्या डोळ्यांनी बघत घटना लागू करणं.

त्याच निकालपत्रात वंश का महत्त्वाचा, हे सांगताना त्यांनी रोजचे प्रसंग लिहिले: आपलं गाव सांगितल्यावरही ‘नाही, तू मूळची कुठली?’ असं विचारलं जाणारी तरुणी. हेटाळणी, दबक्या आवाजातलं हसू, न बोलता केलेली पारख, आणि त्यातून मनात रुतणारा ‘मी इथली नाही’ हा विचार. १९७८ चं ते जेवण त्यात नावाने नाही. पण त्या टेबलावर बसलेली मुलगीच हे लिहिते आहे, हे वाचताना जाणवतं.

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांचा निकाल लागला. तारीख तीच, ज्या तारखेला चौदा वर्षांपूर्वी न्यू हेवनचा निकाल उलटला होता. बहुमताने विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला. ओकॉनर यांच्या पंचवीस वर्षांची मुदत तेव्हा संपलीही नव्हती. सोटोमायोर यांनी पुन्हा असहमती लिहिली, पुन्हा न्यायासनावरून वाचली. केगन आणि जॅक्सन त्यांच्यासोबत होत्या.

यात मराठी माणसाचा संबंध येतो कुठे?

हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो असा मुख्य आरोप होता, आणि अमेरिकेत जन्मलेली आपली मुलंही त्याच रकान्यात येतात. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांत हा विषय निघाला की आवाज चढतात. एकाच घरात, इथे महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाची बाजू घेणारे काका आणि तिथे वर्णभेद सोसलेली पुतणी वेगवेगळ्या टोकांना उभी असतात. त्या घरांना एक आठवण द्यावीशी वाटते: बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथून ब्राँक्स म्हणजे फक्त हार्लेम नदीच्या पलीकडे.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या अशोककुमार ठाकूर निकालात अमेरिकेची कडक छाननीची कसोटी, म्हणजे वंशावरून केलेला फरक खरोखर गरजेचा आहे हे सरकारला सिद्ध करायला लावणारी कसोटी, इथे लागू होत नाही असं सांगितलं. मराठा आरक्षण ५ मे २०२१ रोजी रद्द झालं ते १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातल्या पन्नास टक्के मर्यादेच्या आधारे. ही आपल्याच न्यायालयाची फूटपट्टी आहे. म्हणून ‘अमेरिकेने बंद केलं, आता आपणही करा’ हा युक्तिवाद टिकत नाही. तिथे जे बंद झालं ते आपल्याकडे कधी नव्हतंच.

२०२३ नंतर अमेरिकेत काय उरलं?

रॉबर्ट्स यांच्या निकालात एक फट आहे. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिलं, तर विद्यापीठ ते वाचू शकतं; फक्त त्याचा संबंध त्या अर्जदाराच्या धैर्याशी, जिद्दीशी किंवा क्षमतेशी जोडलेला हवा. लष्करी अकादमींचा प्रश्न तळटीपेत बाजूला ठेवला गेला. सोटोमायोर यांनी निबंधाच्या या सवलतीला डुकराला लिपस्टिक लावण्याची उपमा दिली.

म्हणजे आज ब्राँक्समधल्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीने अर्ज केला तर रकान्यातली खूण प्रवेश ठरवणारा अधिकारी विचारात घेऊ शकत नाही. वडील लवकर गेले, घरात स्पॅनिश, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, आई रुग्णालयाच्या पाळीला, आणि वर्गात कुणीतरी विचारलेलं ‘तू इथे कशी?’ हे सगळं तिला स्वतःच्या हाताने काही शे शब्दांत लिहावं लागतं.